पहिलं पेडल किटवरून जुळवायचंय, जर्मेनियम फझ घेऊ का?

सहातारी_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. गिटार कॉलेजपासून वाजवतो. तेव्हा बँड होता, आता नोकरी आणि पोरगी यातून रात्री जो काय अर्धा-एक तास मिळेल तो आपला. स्ट्रॅटसारखी गिटार, १५ वॉटचा अ‍ॅम्प आणि दोन पेडलं: एक ट्यूनर, एक डिले. दोन्ही दुकानातून घेतलेली.

सध्या डोक्यात एकच किडा वळवळून राहिला आहे, की फझ, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, आपल्या हातानं जुळवायचा. एका किटवर नजर आहे. १९६६ च्या 'फझ फेस' या पेडलची नक्कल, आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, 'मोजून जोडी लावलेले' असं जाहिरातीत लिहिलंय. त्याच दुकानात सिलिकॉनवालं किटही आहे, जवळपास निम्म्या किमतीत. व्हिडिओवाले सगळे एका सुरात सांगतात, जर्मेनियम म्हणजे लोणी, सिलिकॉन म्हणजे करवत. मला लोणीच पाहिजे. पण एवढे पैसे घालून मुका डबा हाती आला तर घरात बोलायला तोंड राहणार नाही.

तर अगदी नवख्यानं जर्मेनियम घ्यावं का? माझा अनुभव म्हणाल तर सोल्डरगन आयुष्यात एकदाच हातात घेतली, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये, आणि तीही सरांनी काढून घेतली होती. किटशिवाय आणखी काय काय लागेल तेही सांगा. शिवाय माझ्याकडे एकाच अडॅप्टरला पाच फाटे असलेली वायर आहे, त्यावरच हाही चालेल ना?

गिटारची खोली वरच्या मजल्यावर आहे, थेट स्लॅबखाली. एसी नाही, कूलर आहे. हे उगाच सांगितलं, पण एका व्हिडिओत जर्मेनियमला गरमी सोसत नाही असं ओझरतं ऐकलं होतं.

बुधवारपेठी

उगाच नाही सांगितलंत, खरी माहिती तीच आहे. नागपूर, वरचा मजला, स्लॅब आणि मे महिना. जर्मेनियम विसरा.

कारण सांगतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बेसला (करंट कमीजास्त करणाऱ्या पायाला) काहीही न देता थोडा करंट पाझरत असतो, त्याला लीकेज म्हणतात. तापमान १० अंशांनी चढलं की तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना टेबलावर बसून ज्यानं कोणी ती जोडी 'मोजून' लावली, ती तुमच्या ४५ अंशांत चौपट पाझरणार. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या पायांवरची ठरवलेली व्होल्टेजची बैठक, सरकतो, सूर लांबत नाही, नोट मध्येच तडतडून तुटते. माझ्याकडे जर्मेनियम फझ आहे. पुण्यातसुद्धा तो एप्रिलच्या दुपारी एक बोलतो आणि डिसेंबरच्या रात्री दुसरंच. मला त्याची गंमत वाटते, पण तो माझा पहिला नव्हता.

आता अडॅप्टर. ह्यात लोक हमखास फसतात. जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ पीएनपी असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक डब्याला जोडलेलं. तुमच्या ट्यूनरमध्ये आणि डिलेमध्ये मायनस डब्याला आहे. पाच फाट्यांच्या वायरवर हे दोन्ही प्रकार एकत्र लावले की गिटारच्या केबलच्या जाळीतून अडॅप्टर सरळ शॉर्ट. पीएनपीला वेगळी बॅटरी किंवा वेगळा अडॅप्टर लागतो. एनपीएन, म्हणजे मायनस डब्याला असणाऱ्या, सिलिकॉनला ही कटकट नाही, तो बाकीच्यांच्या पंगतीत बसतो. फक्त एक लक्षात ठेवा, पेडलांच्या अडॅप्टरला पिनच्या मधोमध मायनस असतो. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर बहुधा उलटा असतो. 'बसतोय ना' म्हणून खुपसू नका.

हत्यारं: २५ वॉटची सोल्डरगन टोकदार बिटसकट, ६०/४० चं रोझिन असलेलं बारीक सोल्डर (०.८ मिमी), बारीक कटर, वायर सोलायचं स्ट्रिपर, डिसोल्डर पंप आणि बझरवाला डिजिटल मल्टीमीटर. मल्टीमीटरवर कंजुषी केलीत तरी चालेल, सोल्डरवर नको. जाड, स्वस्त सोल्डर घेऊन नवखे लोक स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. डबीतली पेस्टही लागत नाही, सोल्डरच्या पोटात रोझिन असतंच.

मडगावचा_बास

फझबिझ नंतर. आधी बूस्टर कर रे, नुसता आवाज मोठा करणारं पेडल. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर, एक पॉट (फिरवायचं बटण), संपलं. बोर्डाशिवायसुद्धा होतो. वाजला की हुरूप येतो, मग फझकडे जा.

आणि सिलिकॉन फझ करणार असशील तर एक मजा सांगून ठेवतो. माझा रात्री फुल उघडला की मागे बारीक आवाजात आकाशवाणी लागते. बातम्या संपेपर्यंत सोलो थांबवावा लागतो.

रेडिओकाका_सांगली

सांगलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता मुलगा त्यात मोबाइल दुरुस्त करतो. मला गिटार वाजवता येत नाही. नातू वाजवतो, त्याच्यामुळे या डब्यांच्या नादी लागलो. आतलं सर्किट बघितलं तेव्हा हसूच आलं. आमच्या दृष्टीनं हा बिघडलेला प्री-अ‍ॅम्प आहे, मुद्दाम बिघडवलेला.

बूस्टरचा सल्ला वाईट नाही, पण मी तो देणार नाही. तुम्हाला फझ वाजवायचा आहे, बूस्टर नाही. जे वाजवायची ओढ आहे तेच माणूस शेवटपर्यंत नेतो. आणि फझ फेसमध्ये असं आहे तरी काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, दोन पॉट. बूस्टरपेक्षा मूठभर जास्त. म्हणून सिलिकॉनवालं किट घ्या आणि सरळ तेच जुळवा. करवतीचं फार मनावर घेऊ नका. कंपनीनं स्वतःच पुढे जर्मेनियम सोडून बीसी१०८, बीसी१८३ असले सिलिकॉन ट्रान्झिस्टर घातले आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतले. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की त्याची धार जाते.

'मोजून लावलेली जोडी' याबद्दल. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटला एसी१२८ ची जोडी असायची, मी ढिगानं काढल्या-घातल्यात. साध्या मल्टीमीटरच्या एचएफई (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो ते मोजायच्या) खोबणीत जर्मेनियम घातला तर तो पाझरणारा करंटसुद्धा गेनमध्ये धरतो. ११० दाखवेल, असेल ७०. तेव्हा विकणाऱ्यानं नुसता गेनचा आकडा लिहिला असेल आणि लीकेज लिहिलंच नसेल, तर त्या मोजण्याला फारसा अर्थ नाही.

आता सोल्डरिंग. तुमच्या सरांनी गन का काढून घेतली ते माहीत नाही, पण माझ्या दुकानात शिकायला आलेली पोरं एकच गोष्ट करायची: सोल्डर बिटवर वितळवायचं आणि तो थेंब नेऊन सांध्यावर ठेवायचा. तोपर्यंत रोझिन धूर होऊन गेलेलं असतं आणि थेंब नुसता वर बसतो. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. दिसायला मळकट गोळी, हलवली की करकरते. बिटची कड पाय आणि तांब्याची चकती या दोन्हींना एकदम टेकवा, मनात एक-दोन म्हणा, मग सोल्डर बिटला नाही, समोरच्या बाजूनं सांध्याला लावा. तापलं असेल तर ते आपोआप पायाभोवती पसरतं आणि कडेला उतार धरतं. आधी सोल्डरची तार काढा, मग बिट. सांधा थंड होईपर्यंत पार्ट हलू देऊ नका. आणि कूलर त्या वेळेपुरता दुसरीकडे वळवा. वाऱ्याचा झोत बिटवर आला की ती पुरेशी तापतच नाही. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी असू द्या, आणि हात धुतल्याशिवाय खायला बसू नका, सोल्डरमध्ये शिसं असतं.

ट्रान्झिस्टर थेट बोर्डात सोल्डर न करता खोबणी लावून घ्या. रुपया-दोन रुपयांचं काम आहे. उष्णतेनं ट्रान्झिस्टर जायचा नाही आणि पुढे बदलून बघायची सोय होते. पण बदलताना पाय बघा. २एन३९०४ ची सपाट बाजू स्वतःकडे धरून पाय खाली केले तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ किंवा बीसी५४९ तसाच धरला तर कलेक्टर, बेस, एमिटर, अगदी उलटा. बीसी१०८ धातूच्या टोपीतला येतो, त्याच्या कडेला बारीक जीभ असते, तिच्याजवळचा पाय एमिटर.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं प्लस-मायनस बोर्डावर छापलेलं असेल तसंच ठेवा. नेटवर फझ फेसच्या ज्या आकृत्या फिरतात त्यांतल्या निम्म्या पीएनपीच्या असतात. त्यांत इनपुटच्या २.२ मायक्रोफॅरडचं तोंड तुमच्या एनपीएनपेक्षा उलटं असतं. ती आकृती बघून बोर्ड 'सुधारायला' जाऊ नका.

शेवटचं, आणि हे बोर्डापेक्षा महत्त्वाचं. बंद पडलेलं नवं पेडल माझ्यापुढे आलं तर मी बोर्डाकडे पाहतच नाही. आधी जॅक, पॉट आणि पायानं दाबायचा स्विच. दोष तिथल्या वायरिंगमध्ये असतो. किटात एकेरी, कडक वायर आली असेल तर ती बाजूला ठेवून बारीक तारांची मऊ वायर घ्या. कडक वायर झाकण लावताना वाकते आणि सांध्यापाशीच तुटते, आणि बाहेरून कळतसुद्धा नाही.

सहातारी_नागपूर

काका, तुमचं वाचून सिलिकॉनची ऑर्डर टाकली. बुधवारपेठी, अडॅप्टरचं सांगितलंत ते बरं झालं, मी राउटरचाच काढून ठेवला होता.

किटची पुस्तिका डाउनलोड करून बघून राहिलो. बोर्ड समजतोय. पण त्या स्विचला नऊ पाय आहेत आणि चित्रात एक नंबर कुठून मोजलाय तेच समजत नाही. स्विच ९० अंशांत फिरवला तरी तसाच दिसतो. आणि इनपुटचा जॅक स्टिरिओ का दिलाय? गिटार तर मोनो आहे. आणि समजा, सगळं लावून आवाजच नाही आला, तर सुरुवात कुठून करायची?

रेडिओकाका_सांगली

नऊ पाय म्हणजे एकाच दांड्यावरचे तीन स्वतंत्र स्विच, प्रत्येकाला तीन पाय. मधला पाय कायम, तो एकदा या बाजूच्या पायाला जुळतो, दाबला की त्या बाजूच्या. चित्रावर विसंबू नका. मल्टीमीटर बझरवर ठेवा, एक काडी अगदी मध्यभागच्या पायाला लावा आणि दुसरी त्याच्या चार शेजाऱ्यांना एकेक करून. एकाशीच वाजेल. स्विच दाबा, आता समोरच्याशी वाजेल. ज्या रेषेत वाजलं ती एका स्विचची रेषा. तिच्या दोन्ही बाजूंना समांतर दोन रेषा ते उरलेले दोन. पेननं स्विचच्या अंगावर खूण करून ठेवा. आता चित्र तसं फिरवून धरलं की नंबर जुळतील.

या स्विचला सोल्डर करताना मात्र रेंगाळू नका. आत प्लॅस्टिक आहे, ते मऊ झालं की पाय तिरका होतो आणि स्विच अडकतो. वायरचं टोक आधीच सोल्डरनं भिजवून घ्या, पायावरही थोडं सोल्डर लावून ठेवा, मग दोन्ही एकत्र धरून नुसती बिट टेकवा. एक पाय झाला की शेजारचा लगेच नको, लांबचा घ्या.

स्टिरिओ जॅक ही बॅटरीची चावी आहे. बॅटरीचा मायनस जॅकच्या मधल्या पात्याला जातो. गिटारची मोनो पिन आत घातली की तिच्या लांब दांड्यामुळे ते पातं डब्याला जुळतं आणि पेडल चालू होतं. पिन काढली की बंद. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची, नाहीतर स्विच बंद असूनही बॅटरी रात्रभर उतरत राहते.

आता आवाज आला नाही तर. पहिल्यांदा इफेक्ट बंद ठेवून वाजवा. साधी गिटार पलीकडे ऐकू आली तर दोन्ही जॅक आणि स्विचची ती बाजू ठीक. तीही नाही आली तर बोर्ड निर्दोष समजा आणि जॅककडे बघा. दहातल्या बऱ्याच वेळा टिपचं (पिनच्या टोकाला टेकणारं) आणि डब्याचं पातं यांची अदलाबदल झालेली असते.

साधी गिटार येते पण इफेक्ट मुका असेल तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी काडी डब्याला. लाल काडी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला: ४.५ व्होल्टच्या आसपास हवं, ९ चं निम्मं. किटमध्ये तिथे ट्रिमर (बोर्डावरचा बारीक पॉट) दिला असेल तर बारीक पेचकसानं फिरवून तिथे आणा, ४ ते ५ मध्ये कानाला बरं वाटेल तिथे सोडा. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला सव्वा ते दीडच्या आसपास, बेसला ०.६. कलेक्टरला सरळ ९ दिसत असेल तर ट्रान्झिस्टर चालूच झालेला नाही, बहुतेक पाय उलटे. शून्य असेल तर व्होल्टेज तिथवर पोचतच नाही, मागे मागे काडी नेत जा.

आणि व्होल्टेज सगळे बरोबर असूनही मुका असेल, तर आमची जुनी युक्ती. एक जुनी केबल घ्या, एक टोक अ‍ॅम्पला. दुसरं कापून जाळीला चिमटा लावा, तो डब्याला. मधल्या तारेला १०४ लिहिलेला कॅपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, आणि त्याचा मोकळा पाय ही तुमची सुई. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी. पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून गाणं सोडा, हळू आवाजात. आता सुई इनपुटच्या जॅकला टेकवा, गाणं येईल. मग पहिल्या कॅपॅसिटरच्या अलीकडे, पलीकडे, पहिल्या बेसला, पहिल्या कलेक्टरला, दुसऱ्या कलेक्टरला, असं पुढे पुढे. ट्रान्झिस्टर ओलांडला की गाणं मोठं होऊन फाटायला लागेल, ते तर आपल्याला हवंच आहे. जिथे गाणं थांबलं, तिथे किंवा त्याच्या एक पाय मागे दोष. सगळा बोर्ड पुन्हा सोल्डर करत सुटायची गरज नाही. घाबरून सगळे सांधे पुन्हा तापवलेले बोर्ड माझ्याकडे यायचे. त्यात मूळ दोष एक आणि नंतर उचकटलेल्या चकत्या सात-आठ.

बुधवारपेठी

काकांना दंडवत. त्या सुईला नेटवर ऑडिओ प्रोब म्हणतात, शोधायचं असेल तर.

डबा न पाडलेला येणार असेल तर भोकं आधी पाडा, बोर्ड नंतर. डायकास्ट अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, पण ड्रिलचं टोक सरकतं. मध्यबिंदूवर पंचनं ठोका, ३ मिमीनं सुरुवात करा, मग वाढवत जा. स्विचला १२ मिमी, पॉटना साधारण ७, जॅकना १० च्या आतबाहेर. पण किटमधले पार्ट व्हर्नियरनं किंवा निदान पट्टीनं मोजल्याशिवाय ड्रिल लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचा बारीक चुरा बोर्डावर पडला तर कुठे शॉर्ट करेल सांगता येत नाही.

आणि पेडलांचा क्रम. फझ सगळ्यात पहिला, ट्यूनरच्याही आधी. तुमच्या ट्यूनरमध्ये बफर (सिग्नल पुढे ढकलणारं छोटं सर्किट) असला तर त्याच्या मागे फझ फेस पातळ आणि चिरका वाजतो, गिटारचा व्हॉल्यूम उतरवून धार घालवायची जी सोय काकांनी सांगितली तीही जाते. ह्या सर्किटला गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) थेट समोर लागतो. करवत करवत म्हणून ओरडणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी फझ बफरच्या मागे लावलेला असतो, असा माझा संशय आहे.

मडगावकर, तुमच्या आकाशवाणीवर उपाय आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर टाका. आणि डबा खरंच ग्राउंडला जुळलाय का ते बघा. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला असेल तर बोलणंच खुंटलं.

मडगावचा_बास

प्लॅस्टिकचाच आहे. आइस्क्रीमचा.

सहातारी_नागपूर

किट आलं. पार्ट मोजून वाट्यांमध्ये काढले, रेझिस्टर मीटरवर तपासून कागदाला टोचून ठेवले. ट्रान्झिस्टर सपाट बाजूवाले आहेत, बीसी५४९, म्हणजे कलेक्टर डावीकडे, बरोबर ना काका? रविवारी पोरगी आजीकडे गेली की बसतो.

एकच राहिलं. किटमध्ये एलईडी निळा दिलाय, तोच लावू की बदलू?

रेडिओकाका_सांगली

बरोबर, सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असताना कलेक्टर डावीकडे. बोर्डावर अर्धगोल छापलेला असेल, पण तो ज्या ट्रान्झिस्टरसाठी छापलाय तो हाच आहे का, हे पुस्तिकेत बघून घ्या.

मडगावचा_बास

निळा काढ. अंधाऱ्या स्टेजवर खाली बघितलं की डोळ्यात भसकन जातो, नंतर पॉटवरचे आकडे दिसत नाहीत. लाल लाव. निळाच ठेवायचा असेल तर त्याचा ४.७ के चा रेझिस्टर काढून २२ के टाक.